तीन ग्लासांत न सापडलेली गोळी

१

लंगोटाला काळ्या चहाचा डाग होता.

मी चिडले ती हितेशवर. बाळाच्या गादीपाशी कप आणायचा नाही, हे नवऱ्याला किती वेळा सांगायचं? पुटपुटतच लंगोट उचलला, तर तो हाताला कोमट लागला. चहा कुठेच सांडला नव्हता. तो रंग सुगतच्या अंगातून आला होता.

सुगत माझा नऊ महिन्यांचा मुलगा. लंगोट बदलताना पालथं होऊन पळ काढणं हा त्याचा रोजचा खेळ. त्या बुधवारी सकाळी तो नुसता पडून होता. मी त्याची खालची पापणी अलगद ओढली. आत गुलाबी दिसायला हवं तिथं मेणासारखं पांढुरकं होतं, आणि बुबुळांभोवती हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळेपणा.

दुपारी आम्ही रुग्णालयात होतो. त्याच्या इवल्या मनगटाला सुई होती आणि कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंबाथेंबानं त्याच्यात उतरत होतं. मी त्याचा दुसरा हात धरून बसले होते. तो हात माझं बोट धरत नव्हता.

डॉक्टर विजयालक्ष्मी आल्या. त्यांची हिंदी तमिळ वळणाची आणि आवाज असा, की आपण आपोआप सरळ बसावं.

“घरात डांबरगोळ्या आहेत? कपड्यांत ठेवतात त्या?”

“आमच्या घरात? शक्यच नाही.” मी जरा तोऱ्यातच म्हणाले. “मी सगळं नैसर्गिक वापरते. कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंगा.”

“तुम्ही काय वापरता ते नाही विचारलं. घरात काय आहे ते विचारलं.”

माझा तोरा तिथंच उतरला.

मग त्यांनी सांगितलं. काही मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तपेशींना जन्मतःच एक चिलखत कमी असतं. जी-सिक्स-पीडी त्याचं नाव. असं मूल एरवी ठणठणीत असतं. पण काही औषधं, बाकला नावाच्या घेवड्यासारख्या शेंगा किंवा नॅफ्थलिन, म्हणजे डांबरगोळी, यातलं काही अंगात गेलं की दोन-तीन दिवसांत पेशी फुटायला लागतात. लघवी काळी होते, डोळे पिवळे, मूल पांढरंफटक.

“औषध दिलं होतं काही? शेंगा?”

“नाही.”

“मग तिसरं उरलं. गोळी गिळायलाच हवी असं नाही. वाफ श्वासातून जाते, कपड्यातून कातडीत जाते. तेल चोपडलेलं मूल असेल तर आणखी जोरात, कारण ती तेलात विरघळते. याआधी असं झालं होतं?”

झालं होतं. ऑक्टोबरात डोळे जरा पिवळे दिसले होते. गल्लीतल्या डॉक्टरांनी साधी कावीळ म्हटलं, आणि आठवड्याभरात ती उतरलीही.

डॉक्टरांनी पेन मिटवलं. “म्हणजे हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो माझ्यापर्यंत पोचेल याची खात्री मी देणार नाही. रविवारपर्यंत सुटेल, पण त्या घरात मी त्याला पाठवणार नाही. आधी गोळी शोधा, मग बाळ न्या.”

२

हितेश ऑफिसातून दुपारी यायचा आणि सुगतपाशी बसायचा. तेवढा वेळ माझा. त्यात घरी जायचं, अंगावर पाणी घ्यायचं, दोन घास गिळायचे आणि आता तपासही करायचा.

आमचं घर दिल्लीत, आर. के. पुरममधलं, दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. मी मैत्री. माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रातली आणि नोकरी मंत्रालयात फायलींवर ‘चर्चा करावी’ असं लिहायची. सध्या बालसंगोपन रजेवर. शिकलेलं रसायनशास्त्र मी बाळंतपणानंतर घरात वापरायला घेतलं, असं हितेश म्हणतो. नायलॉन नको, पॉलिस्टर नको, सुगंधी फवारे नकोत. बाळाला फक्त सुती, मऊ, धुऊन धुऊन विरलेलं. कपाटात माझ्या वेखंडाच्या पुरचुंड्या. खरं सांगायचं तर कडुनिंबाचा पाला चुरा होऊन पडला होता आणि कसर त्याच्यावरूनच चालत जाऊन हितेशचा लोकरी कोट खाऊन गेली होती. पण ते मी कुणाला बोलले नव्हते.

या घरात वावरणारी माणसं तीन. हितेश, सासूबाई आणि वरच्या मजल्यावरच्या अरुणाकाकू. तिघांचाही सुगतवर जीव. त्यामुळे तर चीड येत होती. शत्रूचा संशय घेता येतो, अशा माणसांचा कसा घ्यायचा?

पहिल्यांदा आई. माझ्या सासूबाई, मीराबाई. वर्ध्याहून दिवाळीआधी आल्या त्या नातवासाठी थांबल्या. मी घरात शिरले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्याचे लंगोट घड्या करत होत्या. न वापरलेलेसुद्धा उलगडून पुन्हा.

“आई, तुमच्या पेटीत गोळ्या आहेत का हो?”

“कशाच्या?”

“कपड्यांतल्या. पांढऱ्या.”

त्यांचा हात थांबला. “हितेशनं काही सांगितलं का तुला?”

“हितेशनं काय सांगायचं?”

“काल फोनवर म्हणे, आई, तुझ्याच पेटीतलं काही असेल, तू जरा वर्ध्याला जाऊन ये.” त्या लंगोटाकडेच बघत होत्या. “जाऊन ये म्हणे. मी काहून जाऊ बापा? पोरगं दवाखान्यात, आन् मी जाऊन येऊ?”

मला हितेशचा राग आला, आणि आईंचाही. सरळ उत्तर कुणीच का देत नाही?

“पेटी उघडा ना, आई.”

त्यांनी उघडली. लुगडी, औषधांची पुडी, सुगतच्या पहिल्या केसांची चिंधी. आणि तळाशी रुमालाच्या गाठीत पाच-सहा पांढऱ्या गोळ्या.

३

मी रुमाल उचलला, तशा आई उभ्याच राहिल्या.

“कापूर आहे तो! सर्दीसाठी आणला. ओव्याबरोबर पुरचुंडी करून बाळाच्या उशाशी ठेवतात. पण तू ओरडशील म्हणून ठेवलीच नाही. देवाशपथ म्हणायची सोय नाही आपल्याला, पण खरं सांगते.”

मला हसू येत होतं आणि रडूही. आमच्या घरी आरती नाही, त्यामुळे कापूर जाळायचा प्रसंग नाही. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती. कापूर कोणता आणि डांबरगोळी कोणती, हे नुसतं बघून सांगणारं माणूस आमच्या घरात नव्हतंच. दुकानदारानं दिल्या त्या गोळ्या कापराच्याच, हे आईंना तरी कुठून कळणार?

रुमाल पिशवीत टाकला आणि बाथरूमकडे वळले. कारण मघाशी पाय धुताना एक गोष्ट दिसली होती. मोरीच्या जाळीखाली काहीतरी पांढरं.

हितेशला फोन लावला.

“मोरीत गोळ्या तू टाकल्यास?”

“सुगत झोपलाय, हळू बोल.”

“टाकल्यास की नाही?”

“झुरळं किती झालीत बघतेस ना? तुझ्या लवंगांना ती विचारतही नाहीत. मोरीत टाकल्या यार, पाळण्यात नाही.”

“आणि आईंना वर्ध्याला पाठवायला निघालास!”

मग अगदी बारीक आवाजात, “मला वाटलं, माझ्यामुळे झालं असेल तर... कुणीतरी दुसरं असावं.”

मी फोन ठेवला. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायला वेळ नव्हता.

राहिल्या अरुणाकाकू. काकूंचा जन्म दिल्लीचा, सासर दिल्लीचं, मराठीत निम्मी हिंदी. दार उघडल्याबरोबर त्यांनी मला मिठीच मारली.

“अगं, कसा आहे माझा राजा? चलो, आधी चहा घे.”

“काकू, तुम्ही सुगतला दिलेला तो लोकरी सेट. त्यात गोळ्या होत्या?”

“बिल्कुल होत्या! आमच्या मानसचा सेट आहे तो. पस्तीस वर्षं सांभाळलाय, एक भोक दाखव. तुझ्यासारखा पालापाचोळा घालून ठेवला असता तर नुसती बटणं उरली असती.” मग माझा चेहरा पाहून त्यांचा कप हातातच राहिला. “मैत्री... तसलं काही म्हणू नकोस हं.”

“गोळ्या काढून दिल्या होत्यात?”

“नाही गं. तू कपाटात ठेवशील म्हणून राहू दिल्या.” त्या खुर्चीवर बसल्या. “मीच का मग? मीच?”

४

तीन संशयित, तीन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या. मी ओट्यावर काचेचे तीन ग्लास मांडले आणि नळाचं पाणी भरलं. आई दारात, काकू स्टुलावर. दोघी शेजारी बसल्या होत्या, पण एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

पहिल्या ग्लासात आईंची गोळी टाकली. ती बुडाली नाही. पाण्यावर गोल गोल फिरत राहिली.

“कापूर,” मी म्हणाले. “कापूर पाण्यावर तरंगतो. आई, तुमच्यावरचा आळ गेला.”

आईंनी पदरानं डोळे पुसले. “आन् तुझा नवरा म्हणे जाऊन ये.”

दुसऱ्यात मोरीतली, तिसऱ्यात काकूंची. दोन्ही तळाला गेल्या. मग दोन्ही ग्लासांत मी मीठ ढवळायला घेतलं. विरघळायचं थांबेपर्यंत, चमच्यामागून चमचा. काकूंना धीर निघेना.

“अगं, हे काय लोणचं घालतेस का?”

“नॅफ्थलिन साध्या पाण्यात बुडतं, पण असल्या खारट पाण्यात वर येतं. बाजारात दुसऱ्या रसायनाच्याही गोळ्या मिळतात. त्या मिठाच्या पाण्यातही तळाशीच राहतात.”

मोरीतली तळाशी राहिली. हितेश सुटला. तिसऱ्या ग्लासातली हलली, कूस बदलल्यासारखी वळली आणि सावकाश वर आली.

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “मोरीतल्याही काढा, त्या काही औषध नाहीत. आणि कापूर. नैसर्गिक असो की कारखान्यातला, मुलानं तुकडा गिळला तर झटके येतात. झाडातून आलं म्हणजे गरीब असं नसतं. पण तुमची गोळी सापडली ना? छान. तो सेट बाळाला कधी घातला होता?”

मी ओट्यावर पडलेली कापलेली सुतळी उचलली.

सेट कधीच घातला नव्हता. लोकरीत अर्धं ॲक्रिलिक आहे हे पारदर्शक पिशवीतूनच लेबलवर वाचून मी तो पिशवीसकट मागच्या बाल्कनीतल्या कपाटात टाकला होता. पिशवीला काकूंनी मारलेली सुतळीची गाठ मघाशी मीच कात्रीनं कापली होती.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “ही ती गोळी नाही.”

५

हातात सगळं आलं आणि काहीच आलं नाही. कढईत करपलेली भाजी खरवडावी तसं मी डोकं खरवडत होते. रविवार जवळ येत होता. हितेश म्हणत होता, गाझियाबादला त्याच्या मित्राकडे राहू. पण वस्तूच कळली नाही, तर ती आमच्या मागोमाग गाझियाबादलाही येईल.

काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “नक्की ना? पिशवीतून वास झिरपला असेल तर?”

त्या ‘तर’नंच मला थांबवलं.

“झिरपला असता तर रोज झिरपला असता, काकू. तुमची पिशवी महिनाभर तिथं आहे. मोरीतल्या गोळ्याही रोज आहेत. आणि सुगत दोनदाच आजारी पडला. मधले सगळे दिवस लोळत होता, खिदळत होता. रोज घरात असलेली वस्तू दोनदाच कशी मारेल? दोनदाच आलेलं काहीतरी हवं.”

दोनदा काय आलं? पाहुणे नाहीत. नवं खाणं नाही. रजया ऑक्टोबरात अजून पलंगाच्या खणातच होत्या.

मी तिसरा ग्लास ओतून टाकायला उचलला. तरंगणारी गोळी नाकाशी आली आणि एकदम, का कोण जाणे, मला माझी आई आठवली. नांदेडच्या घरात, लोखंडी ट्रंकेसमोर वाकलेली, पांढरी साडी झटकताना. मी सात-आठ वर्षांची, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला निघायची घाई झालेली. मन इतकं भरून आलं, की ग्लास हातात आहे हेही विसरले.

जयंतीचा वास!

आणि हाच वास मागच्या रविवारी आला होता. भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, वर्षावास, संपला की आमच्या मंडळात भन्तेजींना चीवर, म्हणजे वस्त्र, देण्याचा कार्यक्रम असतो. सेक्टरच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी सूत्रसंचालनात अडकलेली, सुगत दिवसभर आईंकडे. संध्याकाळी झोपलेला सुगत कडेवर घेतला आणि टाळूला नाक लावलं. अगरबत्ती, मेणबत्ती, खीर, आणि त्या सगळ्याच्या खाली माझ्या लहानपणचा तो वास. मला किती छान वाटलं होतं. एम.एस्सी. झालेली बाई मी. पण तो वास मला कधी वास म्हणून आलाच नव्हता. तो दिवस म्हणून यायचा.

बुधवारी लंगोट काळा झाला. रविवारनंतर तिसऱ्या दिवशी.

“आई, ऑक्टोबरात डोळे पिवळे झाले ते धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर ना?”

“हो ना. दोन दिवसांनी. भोजनदानाला हॉलमध्ये गेलो होतो आपण.”

“हॉलमध्ये सुगत झोपला होता?”

“दोन्ही वेळा. मागच्या खोलीत. घरून तेल लावून, आंघोळ घालून नेलं होतं, डाराडूर झोपला.”

“कशावर?”

“चादरीवर. या वेळी थंडी होती म्हणून गुंडाळला बी त्याच्यातच.”

काकू ताडकन उठल्या. “आणि मी जिन्यात दिलेली गोधडी? ती कार्टूनवाली, नवी कोरी? थंडी वाजेल म्हणून पिशवीत कोंबून दिली होती की मी!”

“तशीच परत आणली.” आईंनी माझ्याकडे बोट केलं. “हिचा हुकूम, पालिस्टर नाही लावायचं बाळाला. मी म्हटलं, सुनेचा शब्द मोडायचा नाही. भन्तेजींच्या आसनाची चादर होती, कार्यक्रम झाल्यावर घडी करून ठेवलेली. पांढरीशुभ्र, सुती. मऊ, एकदम विरलेली. तुला पाहिजे तशीच.”

मला पाहिजे तशीच.

“ती चादर कुठं असते, आई?”

“मंडळाच्या ट्रंकेत. राजारामभाऊंकडे.”

६

राजारामकाका सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता ते मुलाच्या, उन्मेषच्या, क्वार्टरमध्ये राहतात. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून ट्रंक त्यांच्याकडे. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

“जयभीम, काका.”

“जयभीम. बाळ कसं आहे गं?”

“ट्रंक दाखवता?”

त्यांनी ती अभिमानानं उघडली. झाकण वर गेलं आणि तो वास उंच लाटेसारखा अंगावर आला. माझं मन पुन्हा नांदेडला पळायला बघत होतं, मी त्याला धरून ठेवलं. चादरींच्या घड्यांमधून पांढऱ्या गोळ्या गारांसारख्या सांडल्या होत्या.

“किती घालता, काका?”

“मोजायच्या कशाला? मूठ-मूठ घालतो. भन्तेजींच्या आसनाची चादर. तिला कसर लागली तर तोंड कुठं दाखवू?”

मी पर्समधून मिठाच्या पाण्याची बाटली काढली. एक गोळी त्यात टाकली. ती वर आली. मग सुगतचं सगळं सांगितलं.

काकांचा चेहरा आधी गोंधळलेला झाला, मग लाल. “म्हणजे आमच्या चादरीनं पोराला विष दिलं, असं म्हणतेस?”

“चादरीनं नाही, काका. गोळीनं.”

“शेकडो पोरं या चादरींवर लोळून मोठी झाली. तुझ्याच पोराला बरं बाधलं! चार बुकं शिकलीस म्हणून—”

“बाधणारं मूल वेगळं असतं, काका. बाकीच्यांना काही होत नाही. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.”

“कुणाला झालंच नाही, तर कळणार काय!”

माझा संयम संपत आला होता. तीन दिवस धड झोप नाही, बाळाच्या हातात सुई, आणि इथं पुन्हा पहिल्यापासून समजवायचं. मी ट्रंकेचं झाकण आपटणारच होते.

“बाबा.”

उन्मेषदादा आतल्या दारात उभा होता. चाळिशीचा, हातात ऑफिसची बॅग तशीच. त्यानं सगळं ऐकलं असावं.

“बाबा, मी लहानपणी दर जयंतीनंतर पिवळा पडायचो ना?”

काकांनी ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवला.

“आई मला मुळा खायला घालायची, उसाचा रस द्यायची. एका वर्षी रक्तही चढवलं होतं. शाळेत मला हळद्या म्हणायचे.”

“एप्रिलचं ऊन,” काका म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “डॉक्टर म्हणाला, उन्हानं होतं. तुला मी टोपी घेऊन दिली होती. दर वर्षी नवी टोपी घ्यायचो.”

ते ट्रंकेपाशी खाली बसले आणि गोळ्या वेचायला लागले. मी म्हटलं, काका, हातानं नको, मी करते. त्यांनी ऐकलं नाही.

७

सुगत रविवारी घरी आला. कापूर, मोरीतल्या गोळ्या, काकूंची पिशवी, सगळं गेलं. वेखंडाच्या पुरचुंड्याही मी काढल्या. आता कपडे धुवायचे, कडक उन्हात वाळवायचे, झटकायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. एवढंच. पॉलिस्टरवर मी बोलत नाही. उन्मेषदादानं तपासणी करून घेतली. त्याच्याही रक्तात तेच चिलखत कमी निघालं.

वाटलं होतं, सुटलं. पण सहा डिसेंबर आला.

महापरिनिर्वाण दिनाला हॉलमध्ये मेणबत्त्या लावायला जायचं. चादरी काकांनी धुऊन धुऊन गच्चीवर वाळवल्या होत्या, पण अंगावरचे कपडे? प्रत्येक घरातली पांढरी साडी, पांढरा कुर्ता सकाळीच ट्रंकेतून निघालेला. मी सुगतला घेऊन हॉलच्या बाहेर, पायऱ्यांपासून लांब, मोकळ्या हवेत उभी राहिले. त्याच्या अंगावर काकूंची कार्टूनवाली गोधडी, पिवळीजर्द.

बायका येत होत्या, हात पुढे करत होत्या. दे गं, बघू दे. कसा सुकलाय. आणि मी एकेकीला तेच सांगत होते. नको काकी. साडीला वास आहे. नाही मावशी, खरंच, डॉक्टरांनी सांगितलंय. काहींना पटलं. काही हसल्या. एकीनं हात मागे घेतला आणि म्हणाली, “म्हणजे आता आम्ही शिवायचंही नाही का तुझ्या लेकराला?”

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या.

तो शब्द आमच्या माणसांत असा सहज उच्चारत नाहीत. जे सांगायचं ते सगळं खरं होतं, आणि त्या शब्दापुढे कशालाच अर्थ नव्हता. मला वाटलं, द्यावं मूल हातात. एका मिनिटानं काय होतंय? हात थोडे पुढे झालेही.

आईंनी मागून माझा दंड धरला. “शिव ना बापा,” त्या त्या बाईला म्हणाल्या. “हजारदा शिव. फक्त रोजची साडी नेसून ये.”

कुणी हसलं नाही. तेवढ्यात फाटकाकडून राजारामकाका आले. सगळ्या पांढऱ्या गर्दीत त्यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, कारण त्यांनी चौकडीचा शर्ट घातला होता. बाजारात भाजीला जाताना घालतात तो, कोपरावर विरलेला. वर बिनबाह्यांचा निळा स्वेटर, उन्मेषदादाचा. सहा डिसेंबरला काकांना पांढऱ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

“काका, तुम्ही असे?” कुणीतरी विचारलं.

ते सरळ माझ्यासमोर आले. बाही माझ्या नाकापुढे धरली.

“घे. वास घे.”

मी घेतला. साबण, ऊन आणि थोडी तपकीर.

“आता दे,” म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले.

मी सुगतला दिलं. त्यानं काकांच्या शर्टाचं बटण पकडलं, घट्ट, आणि तोंडात घालायला बघू लागला. मघाची ती बाई मेणबत्ती दुसरीच्या हातात देऊन, पदर सावरत, घराच्या दिशेनं भराभरा चालू लागली.

“कुठं गं?” आईंनी हाक मारली.

“साडी बदलून येते,” ती मागे न बघता म्हणाली. “तोवर त्याला झोपवू नका.”